टॉवरची भीती, कानाचा फोन आणि तोंडातला खर्रा

“शिष्टरबाई, टावर लागला तवापासून वस्तीत दुखणेच दुखणे हायेत. हे रेडिएशन बंद करायचं काही औषध हाय काय?”

वरूड तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये आरोग्याची बैठक घेतली की हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. कुणाचे डोके दुखते, कुणाला झोप नाही, कुणाच्या घरात कॅन्सर निघाला. बोट मात्र सगळ्यांचे टॉवरकडे. आणि बोट दाखवणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात मोबाईल असतोच.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कचऱ्याचा ढीग असो की दारूचे दुकान, वस्तीजवळ काही आणताना वस्तीला विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. मग टॉवरबद्दल संशय आला तर लोकांचे काय चुकले? पण संशयाचे उत्तर अफवेने नाही, मोजमापाने मिळते. नाहीतर आपण टॉवरशी भांडत बसतो आणि आजार घरात वाढत राहतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर मोबाईलच्या किरणांचा हिशेब मांडत आहोत.

किरणाकिरणांत फरक असतो

‘रेडिएशन’ म्हटले की लोकांना एक्स-रे आठवतो, नाहीतर नागपूर-सेवाग्रामला कॅन्सरच्या पेशंटला देतात ते ‘शेक’. ती किरणे वेगळी. त्यांच्यात एवढा जोर असतो की ती पेशीतल्या डीएनएचे बंध तोडू शकतात. म्हणूनच एक्स-रेच्या खोलीत शिशाचा ॲप्रन असतो आणि गरोदर बाईला आधी विचारले जाते.

मोबाईलची किरणे म्हणजे रेडिओ लहरी. आकाशवाणी ज्या लहरींवर ऐकू येते त्याच कुळातल्या, फक्त जास्त वेगाने थरथरणाऱ्या. त्यांच्यात डीएनएचे बंध थेट तोडण्याएवढा जोर नसतो. या लहरींचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच आहे : त्या शरीरात शोषल्या गेल्या की तेवढा भाग किंचित तापतो. लहरी फार जोरदार असतील तर हे तापणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून जगभर त्यावर मर्यादा घातलेल्या आहेत.

मर्यादा कशी ठरली?

औषधाचा डोस ठरवताना जे करतात तेच इथे केले आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले की शरीराच्या दर किलोमागे साधारण ४ वॅट ऊर्जा शोषली गेली, की अंगाचे तापमान सुमारे एक अंशाने वाढते आणि प्राण्यांचे वागणे बदलते. ही झाली त्रासाची रेषा. या लहरींच्या सान्निध्यात काम करणाऱ्या कामगारांसाठी तिचा दहावा भाग आणि सर्वसामान्य माणसासाठी पन्नासावा भाग, म्हणजे संपूर्ण शरीरासाठी किलोमागे ०.०८ वॅट, ही मर्यादा धरली गेली. सर्वसामान्यांत लेकरे, म्हातारी माणसे, गरोदर बाया, आजारी माणसे सगळे येतात, म्हणून तिथे जास्त सवलत ठेवली.

फोन कानाला लावतो तेव्हा मात्र सगळे शरीर नाही, डोक्याचा छोटासा भाग जास्त शोषतो. त्यासाठी वेगळे माप आहे. त्याला ‘एसएआर’ म्हणतात, म्हणजे शरीरात ऊर्जा शोषली जाण्याचा दर. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून फोनसाठी ही मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे आणि ती शरीराच्या अवघ्या एका ग्रॅम भागावर मोजतात. त्याआधी ती १० ग्रॅमच्या सरासरीवर २ वॅट होती. युरोपात ती अजूनही तशीच आहे. अमेरिकेत आपल्यासारखीच १.६ आहे.

ही तपासणी प्रयोगशाळेत होते. माणसाच्या डोक्यासारख्या साच्यात मेंदूसारखे गुण असलेले द्रव भरतात, फोन पूर्ण ताकदीवर चालवतात आणि आत किती ऊर्जा शोषली गेली ते मोजतात. म्हणजे खोक्यावर लिहिलेला आकडा हा सगळ्यात वाईट परिस्थितीतला असतो. रोजच्या बोलण्यात फोन त्यापेक्षा कमी ताकद वापरतो.

ही मर्यादा हजार रुपयांच्या बटनवाल्या फोनला आणि लाख रुपयांच्या फोनला एकच आहे. ‘आपला फोन गरिबाचा, म्हणून त्याचे किरण जास्त’ असे काही नाही. उलट फ्रान्सच्या सरकारी संस्थेने १२ सप्टेंबर २०२३ रोजी आयफोन १२ या महागड्या फोनची विक्री थांबवायला सांगितली. हातात किंवा खिशात धरल्यावरच्या चाचणीत तिथली मर्यादा ४ वॅट असताना त्याचा आकडा ५.७४ निघाला. कंपनीला सॉफ्टवेअर बदलून द्यावे लागले. मोजणारी यंत्रणा जागी असेल तर मोठ्या कंपनीलाही वाकावे लागते, हा त्यातला धडा.

आपल्या फोनचा आकडा पाहायचा असेल तर *#०७# दाबा. बहुतेक फोनवर तो दिसतो. जुना किंवा स्वस्तातला फोन घेताना *#०६# दाबून त्याचा १५ आकडी आयएमईआय नंबर घ्या. केवायएम लिहून एक जागा सोडा, तो नंबर टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. फोन अस्सल आहे की बनावट ते कळते. बनावट फोनची कुणीही तपासणी केलेली नसते. घाबरायचेच असेल तर त्याला घाबरा.

टॉवर जवळ बरा की दूर?

हे ऐकून बैठकीत पुष्कळ जण चकित होतात. आपल्या अंगात जाणाऱ्या लहरींचा मोठा हिस्सा टॉवरकडून नाही, कानाला लावलेल्या आपल्याच फोनकडून येतो. टॉवरची ताकद जास्त असली तरी तो दूर असतो, आणि अंतर दुप्पट झाले की लहरींचा जोर चौपट कमी होतो. फोनची ताकद थोडी, पण तो कातडीला चिकटलेला असतो.

शिवाय फोन हुशार असतो. टॉवर जवळ असेल, सगळ्या कांड्या भरलेल्या असतील, तर तो हळू आवाजात बोलावे तसा कमी ताकदीवर चालतो. सिग्नल नसेल तर तो ओरडायला लागतो. टू-जी फोनचा झटका २ वॅटपर्यंत जाऊ शकतो. फोर-जी फोनची कमाल ताकद पाव वॅटच्या आत असते. सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागेत, जिथे एकच कांडी येते-जाते, तिथे कानाला फोन लावून तासभर बोलणाऱ्याचे डोके टॉवरशेजारी राहणाऱ्यापेक्षा जास्त लहरी शोषत असते. टॉवर गावाबाहेर हाकलला तर गावातला प्रत्येक फोन जास्त जोर लावील, हे लक्षात ठेवा.

“पण आम्ही तर टावरच्या बुडाशीच राहतो ना बाई!” असेही विचारतात. बॅटरीचा झोत आठवा. बॅटरी हातात धरली तर पायाशी अंधारच असतो, उजेड समोर पडतो. टॉवरवरच्या अँटेनाचा झोतही समोर, किंचित खाली झुकलेला असतो. बुडाशी जोर कमी असतो. काळजी घ्यायची ती अँटेनाच्या अगदी समोर, त्याच उंचीवर घर असेल तर. म्हणूनच दूरसंचार विभागाने अँटेनासमोर किती अंतर मोकळे हवे तेही सांगितले आहे : एका अँटेनासाठी २० मीटर, आणि अँटेना वाढतील तसे जास्त.

मुंबईतून नियम बदलले

हे नियम आपोआप कडक झाले नाहीत. २०१० च्या सुमारास मुंबईत कार्माइकल रोडवरच्या एका इमारतीत कॅन्सरचे रुग्ण एकामागून एक निघाले आणि समोरच्या इमारतीवरच्या अँटेनांकडे बोट दाखवले गेले. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला अहवाल देऊन मर्यादा फार सैल असल्याचे सांगितले. अभिनेत्री जुही चावला यांनी मलबार हिलवरच्या सह्याद्री अतिथीगृहावरील अँटेनांविरुद्ध आवाज उठवला. केंद्र सरकारने वेगवेगळ्या मंत्रालयांची समिती नेमली, तिने अहवाल दिला, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी चौरस मीटरमागे ४.५ वॅटऐवजी ०.४५ वॅट. २०१३ मध्ये मर्यादा मोडणाऱ्या कंपनीला एका बेस स्टेशनमागे १० लाख रुपये दंड ठेवला गेला.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. लोकांनी आवाज उठवला म्हणून नियम कडक झाले, हे खरे. पण त्या इमारतीतला कॅन्सर टॉवरमुळेच झाला, हे सिद्ध झाले नाही. भारतात दर नऊ माणसांमागे साधारण एकाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होतो, असा आयसीएमआरच्या नोंदणीचा अंदाज आहे. शंभर-दीडशे माणसांच्या इमारतीत किंवा वस्तीत काही वर्षांत तीन-चार रुग्ण निघणे दुःखाचे असले तरी त्यामागे एकच कारण असेलच असे नाही. ते कॅन्सर कोणत्या अवयवाचे, कोणत्या वयात, कोणत्या सवयी असलेल्यांना, हे पाहावे लागते.

न्यायालयांनीही पुरावा मागितला आहे. सांगली जिल्ह्यातील चिखलहोळ ग्रामपंचायतीने आरोग्याच्या भीतीने टॉवरचे काम थांबवण्याचा ठराव केला होता. टॉवरच्या किरणांनी अपाय होतो याचा शास्त्रीय पुरावा समोर नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो ठराव रद्द केला. याउलट २०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या एका कॅन्सरग्रस्त घरकामगाराच्या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने एक टॉवर बंद करायला लावला होता. म्हणजे गरिबाच्या तक्रारीला न्यायालयाचे दार बंद नाही. पण नुसत्या भीतीवर केलेला ठराव टिकत नाही, मोजून आणलेला कागद हातात हवा.

तो कागद मिळवण्याची वाट आहे. दूरसंचार विभागाचे ‘तरंग संचार’ हे पोर्टल मे २०१७ पासून सुरू आहे. त्यावर आपल्या भागातला टॉवर आणि तो नियमात आहे की नाही हे पाहता येते. शंका राहिली तर ४,००० रुपये शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणी मागता येते. एका घराला हा पैसा जड आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की हा अर्ज वस्तीच्या नावाने करावा, ग्रामसभेत विषय घ्यावा आणि खर्च ग्रामपंचायतीने उचलावा असा ठराव मांडावा. ‘टॉवर हटवा’ म्हणण्याआधी ‘टॉवर मोजा’ म्हणा.

कॅन्सर होतो का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना ‘२-बी’ गटात टाकले. २-बी म्हणजे ‘कदाचित कॅन्सर करू शकेल, पण पुरावा तोकडा’. ‘मोबाईलने कॅन्सर होतो, डब्ल्यूएचओने सांगितले’ अशी व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्ट इथून निघाली. याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत.

२०१८ मध्ये अमेरिकेत उंदरांवरचा एक मोठा प्रयोग जाहीर झाला. दोन वर्षे, रोज नऊ तास, संपूर्ण अंगावर तीव्र लहरी सोडल्यावर नर उंदरांच्या हृदयात गाठी वाढल्याचे दिसले. पण तो मारा आपल्या वापरापेक्षा पुष्कळ जास्त होता, आणि लहरींतले नर उंदीर बाकीच्यांपेक्षा जास्त जगले, असेही त्यात निघाले. २०२४ मध्ये डब्ल्यूएचओने करवून घेतलेला आढावा आला. १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास एकत्र तपासल्यावर मोबाईल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही; दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही.

याचा अर्थ असा की आजच्या माहितीनुसार मर्यादेतल्या मोबाईलला घाबरण्याचे कारण नाही. संशोधन चालू आहे, म्हणून बिनखर्चाची काळजी घ्यायला हरकत नाही.

भीतीचा बाजार

भीती दिसली की दुकान लागतेच. फोनला चिकटवायची ‘अँटी-रेडिएशन’ चिप त्यातलीच. ऑक्टोबर २०२० मध्ये तर राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी गायीच्या शेणाची चिप दाखवून ती मोबाईलचे रेडिएशन कमी करते असा दावा केला. देशातल्या शेकडो शास्त्रज्ञांनी सही करून पुरावा मागितला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा स्टिकर-कवचांबद्दल फार आधीच सावध केले आहे : त्यांनी सिग्नल अडला तर फोन उलट जास्त ताकद लावतो. धम्म स्वीकारून आपण गंडेदोरे सोडले. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, असे कालामांना सांगणारे तथागत आपले. आता मोबाईलला गंडा बांधायचा नाही.

दुसरी फसवणूक उलट दिशेने येते. ‘तुमच्या शेतात टॉवर लावतो, लाखो रुपये ॲडव्हान्स, दरमहा भाडे, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन किंवा ट्रायच्या नावाचे पत्र येते. ट्राय किंवा दूरसंचार विभाग अशी पत्रे देत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

मग दुखणे कशाचे?

काही लोकांना टॉवरजवळ खरोखर डोकेदुखी, धडधड जाणवते. ते ढोंग करत नाहीत. पण लहरी चालू आहेत की बंद हे न सांगता चाचण्या घेतल्या, तेव्हा लहरी बंद असतानाही तसाच त्रास झाला. म्हणजे त्रास खरा, कारण वेगळे.

ते कारण शोधायला महागडी मशीन लागत नाही. डोके दुखते तर बीपी मोजा, डोळे तपासा. थकवा, चक्कर असेल तर हिमोग्लोबिन पाहा. आपल्या बायांच्या अंगात रक्तच कमी असते. हातपाय, सांधे वारंवार ठणकत असतील, लेकरू सारखे आजारी पडत असेल तर सिकलसेलची तपासणी करा. विदर्भात आपल्या समाजात हा आजार आहे आणि त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. झोप येत नसेल तर रात्री बारापर्यंत डोळ्यासमोर धरलेला फोन बाजूला ठेवा. तिथे दोष लहरींचा नाही, उजेडाचा आणि संपत नसलेल्या रीलचा आहे.

आणि कॅन्सर? २-बी गटात मोबाईल ‘कदाचित’ म्हणून आहे. त्याच संस्थेच्या पहिल्या गटात, जिथे ‘नक्की कॅन्सर होतो’ असे लिहिले आहे, तिथे तंबाखू आहे आणि सुपारीही आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून जे होते ते खर्रा. पानठेल्यावर उभे राहून, गालात खर्रा दाबून, समोरच्या टॉवरला शिव्या देणारी माणसे आम्ही रोज पाहतो. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, खर्रा मात्र ठेल्याठेल्यावर घोटला जातो. तंबाखूचे मंजन लावणाऱ्या बायाही यातून सुटलेल्या नाहीत.

आम्हाला सगळ्यात जास्त हे खुपते की टॉवरला दोष दिला की माणूस तोंड दाखवायला येत नाही. टॉवर तर आपल्या हातात नाही, मग दवाखान्यात जाऊन काय करायचे, असे त्याला वाटते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तिखट झोंबत असेल, तोंडात आपलीच तीन बोटे उभी जात नसतील, तर ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सकाला दाखवा. बायांनी स्तनातली गाठ आणि पाळी गेल्यावरचा रक्तस्राव अंगावर काढू नये. लवकर आलेला पेशंट बरा होतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत आणि नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे.

घरी एवढे करा

• लांब बोलायचे असेल तर स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरा. फोन कानापासून वीतभर दूर गेला तरी लहरींचा जोर झपाट्याने उतरतो.
• एकच कांडी असेल तर बोलणे थोडक्यात आटपा, नाहीतर मेसेज करा. बागेत, धावत्या एसटीत लांब गप्पा नकोत.
• रात्री फोन उशीखाली ठेवू नका. चार्जिंगला लावलेला फोन अंथरुणात घेऊ नका. तो तापून पेट घेऊ शकतो.
• पेसमेकर बसवलेल्या माणसाने फोन छातीच्या खिशात ठेवू नये, पेसमेकरपासून वीतभर, म्हणजे किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा.
• लेकराला गप्प बसवायला फोन देऊ नका.
• गाडी चालवताना फोन नको. मोबाईलने जीव जातो तो लहरींनी नाही, रस्त्यावर जातो.

पुढच्या ग्रामसभेत टॉवरच्या मोजणीचा अर्ज द्या. तो आपला हक्क आहे. आणि त्याच आठवड्यात विहारात तोंड तपासणीचे शिबिर ठेवा. ग्रामीण रुग्णालयाला पत्र दिले की दंतचिकित्सक येतात. पत्र कसे लिहायचे ते आम्ही सांगू. टॉवरचा आकडा कागदावर येईल तेव्हा येईल. तोंडातला चट्टा मात्र आजच, आरसा घेऊन उजेडात पाहता येतो.